एकाच घराण्याच्या दोन मोटारी

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. गरजवंताला अक्कल नसते, अशी दुसरी आहे. गरज आणि हौस ह्या दोघी माणसाला एकाच दुकानाच्या पायरीपर्यंत आणतात, परंतु आंत शिरल्यावर त्याच्याकडून निरनिराळे सौदे करवितात. ह्या दोघींची चाल पाहावयाची असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डेट्रॉइट शहरालगत डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड ह्याच्या नांवाचें जें संग्रहालय आहे, तिकडे वळावें. तेथील संग्रहांत फोर्ड कंपनीच्याच दोन मोटारी आहेत. एक 1927 सालची मॉडेल टी. त्या जातीची ती दीड कोटीवी गाडी. दुसरी 1964 सालची मस्टँग. तिचा अनुक्रमांक एक. पहिली उंच आणि ताठ, छत्री उघडून उभ्या राहिलेल्या वृद्ध गृहस्थासारखी. दुसरी ठेंगणी, लांब नाकाची, पांढरी शुभ्र आणि उभ्या जागीं दौडण्याच्या तयारींत असलेली.

ह्या दोन गाड्यांची तुलना करावयाची ती कोणती अधिक वेगानें पळते हें ठरविण्यासाठीं नव्हे. त्याचें उत्तर कोणताही शाळकरी मुलगा देईल. माणसाला किती पुरे, आणि तें 'पुरे' कोणीं म्हणावें, ह्या जुन्या प्रश्नाला ह्या दोन मोटारींनीं दोन निराळीं उत्तरें दिलीं. तीं समजून घेण्यासारखीं आहेत.

मॉडेल टी 1 ऑक्टोबर 1908 रोजीं प्रसिद्ध झाली. त्या काळीं मोटार ही धनिकांची चैन समजली जाई. अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक लोक खेड्यापाड्यांत राहत असत, आणि तेथील रस्ते मातीचे होते. पाऊस पडला कीं चिखल, आणि थंडी पडली कीं तोच चिखल गोठून दगडासारखा. खेड्यांतील पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता डेट्रॉइटजवळ झाला तो 1909 सालीं. हेन्री फोर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. 1863 सालीं डिअरबॉर्नच्याच परिसरांत तो जन्मला होता. शेतकऱ्याचें एकाकी जिणें त्याला परकें नव्हतें. डॉक्टर दूर, बाजार दूर, आणि शेजारही दूर. त्यानें गाडी बनविली ती ह्या माणसासाठीं आणि असल्याच रस्त्यांसाठीं.

तिचें वजन सुमारें 1,200 पौंड होतें. एंजिन चार सिलिंडरांचें, 177 घनइंच आकारमानाचें आणि 20 अश्वशक्तीचें. वेग ताशीं चाळीस ते पंचेचाळीस मैलांपर्यंत. महत्त्वाच्या भागांना व्हॅनेडियम मिसळलेलें पोलाद वापरलें असल्यामुळें ते भाग हलके असूनही चिवट होते. पुढच्या व मागच्या आंसावर स्प्रिंगचे पाटे आडवे बसविले होते; त्यामुळें एक चाक खड्ड्यांत आणि दुसरें ढेंकळावर असलें, तरी गाडी अंग मुरडून पुढें सरके. पोट जमिनीपासून चांगलें उंच असल्यामुळें रस्त्याच्या मधोमध वाढलेलें गवत किंवा वर आलेला धोंडा तिला अडवीत नसे.

ही गाडी हांकणें ही मात्र एक विद्याच होती. प्रथम हातब्रेक ओढावयाचा. स्टिअरिंगखालचा डावा दांडा वर सारून ठिणगी थोडी उशिरां पडेल असें करावयाचें. उजव्या दांड्यानें पेट्रोल किंचित् वाढवावयाचें. आणि मग खालीं उतरून पुढें जाऊन हँडल मारावयाचें. ठिणगीचा दांडा वर सारण्यास कोणी विसरला, तर हँडल उलट उसळून त्याचें मनगट मोडण्याची भीति असे. म्हणून जाणते लोक हँडल डाव्या हातानें ओढीत, आणि आंगठा दांड्याभोंवतीं न गुंडाळतां बोटांच्याच बाजूला ठेवीत. पायापाशीं तीन पट्ट्या असत. डावी पूर्ण दाबली कीं गाडी मंद गतीनें चाले, पूर्ण सोडली कीं जलद गतीनें, आणि अर्धी दाबून धरली कीं चाकें एंजिनापासून मोकळीं होत. मधली पट्टी दाबली कीं गाडी मागें जाई. उजवी ब्रेकची. वेग वाढवावयाचा तो पायानें नव्हे, तर हातांतल्या दांड्यानें. पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असे, आणि पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे वाहत जाई. टांकी बरीच रिती झाली आणि समोर उभा चढ आला, म्हणजे तें एंजिनापर्यंत पोहोंचेनासें होई. अशा वेळीं चालक गाडी वळवून घेई आणि पाठमोरी चढ चढवी!

इतकी यातायात करूनही लोकांनीं ह्या गाडीवर जीव लावला. तिला 'टिन लिझी' म्हणजे पत्र्याची लिझी असें लाडकें नांवही पडलें. कारण तिला माणूस समजून घेऊं शके. किरकोळ बिघाड मालक स्वतः दुरुस्त करी. कांहीं शेतकरी तिचें मागचें एक चाक उचलून धरीत, त्याला पट्टा जोडीत, आणि तिच्याकडून लांकूड कापून घेत किंवा विहिरीचें पाणी उपसून घेत. सकाळीं पंपाला जुंपलेली गाडी दुपारीं अंडीं आणि लोणी घेऊन बाजारास जाई, आणि रविवारीं सबंध कुटुंबाला घेऊन प्रार्थनामंदिरांत. घोड्याला विश्रांति मिळाली, आणि त्याहूनही अधिक म्हणजे घरच्या बाईला शेताच्या कुंपणापलीकडचें जग दिसूं लागलें.

ही गाडी स्वस्त झाली ती कारखान्याच्या पद्धतीमुळें. 1913 सालीं हायलँड पार्क येथील कारखान्यांत फोर्डनें सरकती जोडणी सुरू केली. पूर्वीं कामगार गाडीभोंवतीं फिरत. आतां गाडी कामगारांपुढून सरकूं लागली, आणि प्रत्येकजण आपापलें एकच काम करूं लागला. ज्या सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत, ती पुढच्या वर्षीं 1 तास 33 मिनिटांत होऊं लागली. 1908 सालीं 825 डॉलरांपासून मिळणाऱ्या ह्या गाडीची किंमत उतरत उतरत 1925 सालीं 260 डॉलरांपर्यंत आली.

परंतु दिवसभर एकच हालचाल करून माणसें कंटाळत आणि काम सोडून जात. त्यावर उपाय म्हणून फोर्डनें जानेवारी 1914 मध्यें आठ तासांच्या दिवसाला पांच डॉलर देण्याचें जाहीर केलें. ही मजुरी पूर्वींच्या दुपटीहून अधिक होती. पांच डॉलर रोजाच्या हिशेबानें 260 डॉलरांची गाडी म्हणजे 52 दिवसांची मजुरी. जो गाडी बनवितो तोच ती विकत घेतो, ही गोष्ट त्या काळीं अपूर्व होती.

मात्र ह्या पांच डॉलरांना एक अट होती. त्यांतला मोठा भाग नफ्यांतील वांटा म्हणून मिळे, आणि तो वांटा मिळण्यास कामगाराचें वर्तन कंपनीच्या पसंतीस उतरावें लागे. त्यासाठीं कंपनीनें एक निराळें खातेंच काढलें. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरोघर जात. घर स्वच्छ आहे कीं नाहीं, घरधनी दारू पितो काय, पैसा शिल्लक टाकतो काय, ह्याची चौकशी करीत. आणि ह्याच काळांत, 1914 पासून 1925 पर्यंत, मॉडेल टी केवळ काळ्या रंगांत मिळत असे. वरवर पाहतां ह्या दोन गोष्टींचा संबंध नाहीं. विचार केला तर मात्र दोहोंमागें एकच मनुष्य दिसतो: गिऱ्हाइकाला कोणता रंग पुरे आणि मजुराला कसला संसार पुरे, हें दोन्ही आपणच जाणतों अशी खात्री असलेला. त्याचा हेतु वाईट होता असें म्हणवत नाहीं. घरांतल्या कर्त्या पुरुषाचा हेतु तरी कोठें वाईट असतो? पण मुलें मोठीं झालीं, हें पुष्कळदां त्याच्याच ध्यानांत शेवटीं येतें.

येथेंही तसेंच झालें. एक वेळ अशी आली कीं अमेरिकेंतील जवळजवळ निम्म्या मोटारी मॉडेल टी होत्या. म्हणजे गरज भागली. ज्याच्या दारीं मोटारच नाहीं त्याला कोणतीही मोटार चालते. पण दुसरी घेतेवेळीं माणूस प्रथम शेजाऱ्याच्या दाराकडे पाहतो. जनरल मोटर्स कंपनीच्या आल्फ्रेड स्लोन ह्यानें हें ओळखलें. त्यानें निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांसाठीं निरनिराळ्या गाड्या काढल्या, दरवर्षीं त्यांच्या रूपांत फेरफार केला, रंग दिले, आणि हप्त्यांनीं पैसे भरण्याची सोय केली. त्या कंपनीची शेव्रोले मोटार फोर्डच्या गाडीहून महाग असूनही लोक तिच्याकडे वळले. 1928 सालीं ह्याच कंपनीनें मुंबईस शेव्रोले जुळविण्याचा कारखाना काढला, म्हणजे ह्या चढाओढीचे पडसाद आपल्या बंदरापर्यंत येऊन पोहोंचले होते.

हेन्रीचा एकुलता एक मुलगा एडसेल हा नांवानें कंपनीचा अध्यक्ष होता. नवी गाडी काढली पाहिजे असें तो सांगत होता. वडिलांना तें पटत नव्हतें. अखेर 26 मे 1927 रोजीं दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्याबाहेर पडली. एडसेल गाडी चालवीत होता आणि हेन्री शेजारीं बसला होता. हीच ती संग्रहालयांतली गाडी. त्यानंतर एकोणीस वर्षें चाललेलें तें मॉडेल बंद झालें. नव्या गाडीची तयारी आधीं केलेली नसल्यामुळें कारखाना कित्येक महिने थांबला, आणि हजारों कामगार घरीं बसले. कर्त्या पुरुषाच्या हट्टाची किंमत ती अशी घरांतल्या धाकट्यांनींच भरली.

ह्या प्रसंगानंतर बरोबर दहा वर्षांनीं, 26 मे 1937 रोजीं, फोर्डच्या रूज येथील कारखान्याच्या दारांत कामगारसंघाच्या पुढाऱ्यांना कंपनीच्या माणसांनीं मारहाण केली. तिचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत झळकलीं. पुढें 1941 सालीं कंपनीला कामगारसंघाशीं करार करावा लागला. आपल्याला किती पुरे, हें आतां कामगारही बोलूं लागला होता. एडसेल 1943 सालीं वारला, हेन्री 1947 सालीं, आणि कारभार नातू दुसरा हेन्री फोर्ड ह्याच्या हातीं आला.

वडिलांनीं मुलाचें ऐकलें नाहीं. कंपनीनें मात्र पुढें त्याच्या नांवाची एक मोटार काढली. 1957 सालीं 'एडसेल' गाडी मोठा गाजावाजा करून बाजारांत आली. पहिल्याच वर्षीं तिचे अठरा प्रकार होते. एका रंगाच्या गाडीचा हा पुरा व्यत्यास! पण लोकांनीं ती घेतली नाहीं, आणि 1959 च्या नोव्हेंबरांत प्रचंड तोटा सोसून ती बंद करावी लागली. हौस पुरविणें म्हणजे नुसतें अलंकार वाढविणें नव्हे, हा धडा कंपनीला ह्या वेळीं मिळाला.

त्या धड्यांतून मस्टँग जन्मली. काळ आतां पार पालटला होता. 1956 च्या कायद्यानें 41,000 मैलांचे प्रशस्त राजमार्ग बांधावयाचें ठरलें होतें. महायुद्धानंतर जन्मलेलीं मुलें वयांत येत होतीं. कांहीं घरांत दुसरी मोटार येऊं लागली होती. फोर्ड विभागाचा प्रमुख ली आयाकोका ह्यानें ह्या तरुण गिऱ्हाइकाचा विचार केला. 1962 सालीं दोनच बैठकींची एक डौलदार गाडी नमुन्यादाखल तयार झाली होती. ती पाहून लोक खूष झाले, पण आयाकोकानें ती विक्रीस काढली नाहीं. दोघांच्या गाडीला गिऱ्हाइकें थोडीं. त्यानें चौघांची गाडी मागितली, जी तरुणाला शोभेल आणि लेंकुरवाळ्यालाही चालेल.

ती स्वस्तांत कशी व्हावी? कंपनीपाशीं फाल्कन नांवाची एक साधी, काटकसरी मोटार आधींच होती. तिचींच एंजिनें आणि तिचेच पुष्कळसे भाग घेऊन वर नवा देह चढविला: पुढचा भाग लांब, मागचा आंखूड, उंची अवघी 51 इंच. चूल तीच, भांडीं बहुतेक तींच. ताट मात्र नवें मांडलें. 16 एप्रिल 1964 च्या रात्रीं दूरचित्रवाणीच्या तिन्ही मोठ्या जाळ्यांवर तिची जाहिरात झळकली, आणि 17 एप्रिल रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. पहिल्या दिवशीं 22,000 मागण्या नोंदल्या गेल्या, आणि पहिल्या बारा महिन्यांत 4,18,812 गाड्या विकल्या. किंमत 2,368 डॉलर. हौसेला मोल नाहीं ही म्हण अमेरिकेंत अशी उलटली. तेथें हौसेचें मोल छापून दुकानांत लाविलें होतें.

आतां दोन्ही गाड्यांचीं झांकणें उघडून पाहावें, म्हणजे एक चमत्कार दिसतो. मस्टँगच्या सर्वांत स्वस्त एंजिनाचें आकारमान 170 घनइंच होतें, म्हणजे मॉडेल टीच्या 177 घनइंचांहूनही कमी! तरी त्याची शक्ति 101 अश्वांची, म्हणजे पांचपट. मध्यंतरींच्या छप्पन्न वर्षांत पेट्रोल सुधारलें, धातु सुधारले. मॉडेल टीचें एंजिन आंतल्या वायूला सुमारें चौपट दाबी. मस्टँगचें आठपटीहून अधिक. मॉडेल टीचें एंजिन मिनिटाला 1,600 फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ति देई, मस्टँगचें 4,400 फेऱ्यांवर. खरी प्रगति झांकणाखालीं अशी लपली होती. पण ती पाहून गाडी घेणारे थोडेच. बहुतेकांना भुरळ पडली ती वरच्या देहाची.

आणि छापलेली किंमत ही केवळ पहिली पायरी होती. पुढें सोयींची लांबलचक यादी असे. आठ सिलिंडरांचें एंजिन हवें असेल तर त्याचे पैसे निराळे. त्याची शक्ति 271 अश्वांपर्यंत नेतां येई. आपोआप बदलणारा गिअर, रेडिओ, थंड हवेचें यंत्र, छताचा निराळा रंग, ज्याला जें हवें तें त्यानें घ्यावें. एकाच रांगेंतून बाहेर पडणाऱ्या गाड्या, पण प्रत्येकाला वाटावें कीं ही आपल्याचसाठीं घडविली. घरीं येऊन शिलकेची चौकशी करणारा तपासनीस आतां नव्हता. हप्त्यांची सोय होती. 'पुरे' म्हणणारा कोणीच उरला नव्हता.

ह्यांत मुक्ति होती हें नाकारतां येणार नाहीं. डौलदार गाडी ही पूर्वीं मोठ्या श्रीमंताची मिरास. ती कचेरींतल्या कारकुनाच्या आणि शाळेंतल्या शिक्षिकेच्या आटोक्यांत आली. माणसाला भाकरी मिळाल्यावर त्यानें फूल मागितलें, तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण ज्याची हौस त्याला जें दिसत नाहीं, तें मागें राहतें, हेंही खरें. ह्या देखण्या गाडीच्या मूळ स्वरूपांत चारी चाकांना साधे ढोलाचे ब्रेक होते. पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक हवे असल्यास 1965 च्या मॉडेलपासून जादा पैसे देऊन घेतां येत. मागच्या सामानाच्या कप्प्याची जमीन म्हणजे पेट्रोलच्या टांकीचेंच झांकण होतें. मॉडेल टींत चालक टांकीवर बसे. मस्टँगमध्यें सामान बसे, एवढाच फरक. दोष एकट्या ह्या गाडीचा नव्हे. बहुतेक कारखानदारांचें लक्ष रूपाकडे अधिक होतें. 1965 सालीं राल्फ नेडर ह्याचें मोटारींच्या धोक्यांवरील पुस्तक निघालें, त्यावर देशांत वादळ उठलें, आणि 1966 सालीं अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. गिऱ्हाइकानें यादींत जें मागितलें नव्हतें, तें शेवटीं सरकारला मागावें लागलें.

हौसेला अंत नसल्यामुळें मस्टँग दर कांहीं वर्षांनीं लठ्ठ होत गेली. 1971 सालची गाडी मूळ गाडीहून कितीतरी मोठी व जड होती. मग 1973 च्या शरदांत कंपनीनें एकदम लहान मस्टँग काढली. आणि लगेच त्याच ऋतूंत अरब राष्ट्रांनीं तेल रोखल्यामुळें अमेरिकेंत पेट्रोलसाठीं रांगा लागल्या. ह्या वेळीं 'पुरे' हा शब्द पंपावरच्या पाटीनें उच्चारला.

दोन्ही गाड्यांचा जमाखर्च मांडला तर कोणतीच निव्वळ फायद्याची किंवा तोट्याची ठरत नाहीं. मॉडेल टीनें माणसाला निवड दिली नाहीं, पण त्याचें आयुष्य पालटलें. मस्टँगनें त्याला निवड दिली. आयुष्य मात्र बहुतेकांचें होतें तेंच राहिलें, फक्त तें थोडें अधिक ऐटींत चालूं लागलें. पहिलीच्या वेळीं 'पुरे' हें मालकानें म्हटलें आणि तें जुलमाच्या वाटेनें गेलें. दुसरीच्या वेळीं तें म्हणणें कोणाचेंच काम राहिलें नाहीं. तें काम ज्याचें आहे त्यानेंच करावयाचें असतें, म्हणजे पैसे मोजणाऱ्यानें. दुकानदार तें करणार नाहीं, आणि सरकार करूं लागलें म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो.

त्या पहिल्या मस्टँगची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती गाडी खरें म्हणजे विकावयाची नव्हती, केवळ दाखवावयाची होती. पण न्यूफाउंडलंडमधील एका वैमानिकानें दुकानांत ती पाहिली आणि तिथल्या तिथें विकत घेतली. कंपनीनें ती परत मागितली. त्यानें दिली नाहीं. दोन वर्षें त्यानें ती सुमारें दहा हजार मैल फिरविली. 1966 सालीं मस्टँगांची संख्या दहा लक्षांवर गेली तेव्हां कंपनीनें त्याला पुन्हां विचारलें, आणि बदल्यांत यादींतल्या जवळजवळ सर्व सोयी घातलेली कोरी गाडी देऊं केली. त्यानें सौदा मान्य केला. अनुक्रमांक एकची गाडी संग्रहालयांत गेली, आणि तो गृहस्थ नवी गाडी घेऊन घरीं गेला.

त्याला हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या जागीं असतां बहुतेकांनीं तेंच केलें असतें. मात्र शेजारच्या दीड कोटीव्या मॉडेल टीच्या बाबतींत असा सौदा कधीं संभवलाच नसता. कारण तिच्या बदल्यांत द्यावयाला अधिक सजलेली दुसरी मॉडेल टी कारखान्यापाशीं नव्हती, आणि आपल्या गाडीहून तशी गाडी बरी, हा विचार हेन्री फोर्डनें आपल्या गिऱ्हाइकाच्या मनांत शक्य तितके दिवस येऊं दिला नव्हता.